बेडकीला कुणी हात लावायचा नाही

कोंबडी उठल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं चांगुणाबाईंनी निक्षून सांगितलं, तेव्हा भीमराजरावांना क्षणभर वाटलं, की आपल्याला टाळायचा हा काहीतरी नवा प्रकार असावा. पण गुऱ्हाळाच्या पडवीत वाकून त्यांनी गाडीच्या काचेतून आत पाहिलं, तर खरोखरच मागच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंगाखाली अंडी घेऊन बसली होती. तिनं भीमराजरावांकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की पाटबंधारे खात्यात उभा जन्म साहेब म्हणून काढलेला माणूस दोन पावलं मागं सरला.

"पिल्लं निघू द्या, मंग न्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीपायी माजी खुडूक कोंबडी उठवायची व्हय?"

त्यांचे यजमान सहादेव, म्हणजे भीमराजरावांचे शाळेतले सोबती आणि काष्टीचे ऊस बागायतदार, टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "सायेब, आमच्या घरात कोंबडीचं आन् हिचं काय चालंल तेवढंच. माजं न्हाई." सौदा झाला होता, हातावर हात मारून झाला होता, पेढेसुद्धा वाटून झाले होते. आता सारं कोंबडीवर येऊन ठेपलं होतं.

गाडी म्हणजे सन पन्नासची मॉरिस मायनर. सहादेवच्या आजोबांनी, काष्टीच्या आण्णांनी, गुळाला चांगला भाव आला त्या वर्षी पुण्याच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. पाठ फुगीर, पुढची काच मधोमध दुभागलेली, आणि दिवे वर न बसवता खाली, गालात बसवलेले. त्यामुळं गावानं तिचं विलायती नाव एका दिवसात मोडीत काढलं आणि बेडकी असं ठेवलं. पुढं आण्णा गेले, गुऱ्हाळ कारखान्यांपुढं बंद पडलं, बेडकी पडवीत गेली आणि तिच्यात कोंबड्यांचा संसार सुरू झाला.

आता श्रीगोंद्याला चांगला बंगला बांधून राहणाऱ्या, रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आणि दारात पांढरी स्वच्छ मोटार असलेल्या माणसाला ही बुद्धी का व्हावी? कुणी विचारलं, की भीमराजराव 'अभियांत्रिकी वारसा' असं भारदस्त उत्तर देत. ते उत्तर ऐकून माणसं पुढचा प्रश्न विचारत नसत, हा त्याचा मोठा गुण होता. खरं कारण घरातच, ओसरीवर शेंगा फोडत बसलेलं असे. ते म्हणजे त्यांच्या आई, सुमनबाई.

त्या काळी काळ्या मातीचे रस्ते. चार थेंब पडले की बेडकी रुतायची. रुतली की आण्णांचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन हाक मारायचा, आणि हातातलं काम टाकून माणसं ढकलायला जायची. दीक्षा घेऊन झाली होती, घराघरात बाबासाहेबांची तसबीर लागली होती, पण हाक मारायची सवय गावानं सोडली नव्हती. सुमनबाई तेव्हा नव्या नवरी. हातावरची मेंदी उतरायच्या आत त्यांनी पहिल्यांदा बेडकी ढकलली. पुढं किती वेळा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त भीमराजरावांच्या लहानपणी कुणी त्या गाडीचं कौतुक करू लागलं, की त्या म्हणायच्या, "तिचं मागलं अंग मला पाठ हाय बाबा. म्होरनं कशी दिसती, ते दुसऱ्या कुनाला इचारा."

हे वाक्य भीमराजरावांच्या मनात बेडकीपेक्षा खोल रुतून बसलं होतं. आईला त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, भर बाजाराच्या दिवशी काष्टीतून मिरवायचं, आणि तेही इंजिनाच्या जोरावर! पडवीत उभं राहून, कोंबडीच्या साक्षीनं त्यांनी मनाशी प्रतिज्ञा केली, की या गाडीला इथून पुढं एकाही माणसानं ढकलायचं नाही. हात लावायचा नाही. प्रतिज्ञा करताना माणसाला फार बरं वाटतं. गाडी पंचाहत्तरीची असली की पाळताना काय हाल होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पिल्लं निघाली. चांगुणाबाईंनी ती टोपलीत घेतली, सीट झाडून दिली आणि निरोप देताना डोळ्याला पदर लावला. तो गाडीसाठी होता की कोंबडीची जागा गेली म्हणून, ते कळलं नाही. सहादेव आणि त्यांचे दोन गडी बाह्या सावरून मागं उभे राहिले.

"हं, मारा धक्का!"

"थांबा!" भीमराजराव ओरडले. "हात लावायचा नाही!"

"मंग काय फुंकून न्यायची का रं?" सहादेवनी विचारलं.

भीमराजरावांनी ट्रॅक्टर आणवला. दोर बांधला. ट्रॅक्टरनं ओढ घेतली, आणि निघालासुद्धा, मागं दोर आणि दोराला बेडकीचा पुढचा बंपर घेऊन. बेडकी जागची हलली नाही. बंपर परत आणला, दोर दुसरीकडे बांधला, तेव्हा कुठं ती पडवीतून बाहेर आली, आणि इतक्या वर्षांनी ऊन अंगावर पडल्यामुळं की काय, तिचं डाव्या बाजूचं दार आपोआप उघडून खाली पडलं. गडी हसायला लागले. भीमराजरावांनी दार स्वतः उचललं, काखेत मारलं, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं ते बेडकी चढवलेल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. श्रीगोंद्यापर्यंत त्यांनी ते दार मांडीवर धरून आणलं.

कॉलनीत टेम्पो शिरला तेव्हा शेजारचे ज्ञानेश्वरराव फाटकात उभेच होते. हे निवृत्त बँक मॅनेजर. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडं पाहायची त्यांची जी नजर होती, ती निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्याच नजरेनं त्यांनी बेडकीला एक प्रदक्षिणा घातली.

"भीमराजराव, राग मानू नका. पण हिच्यात डिझेलचं इंजिन टाका. माझा साडू टाकून देतो. वर ए.सी. बसवा. आणि आधी लिंबू-मिरची बांधा, कोणाची तरी नजर लागलेली दिसतेय."

"आम्ही लिंबू सरबतात घालतो," भीमराजराव म्हणाले.

"मग निदान चाकाखाली तरी..."

"ज्ञानेश्वरराव, ती चाकं फिरतच नाहीत. लिंबू कुणी चिरडायचा?"

जयमालाबाई तोवर दारात आल्या होत्या. हयातभर शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळं त्यांना आवाज चढवावा लागत नसे. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्याच्या मांडीवरच्या दाराकडं पाहिलं. "अहो," त्या म्हणाल्या, "गाडी घेणार म्हणाला होतात. सुट्या भागांत घेणार हे नव्हतं सांगितलं."

इथून पुढच्या काळाला घरात 'बेडकीचं साल' म्हणत. सगळ्यात आधी कागद. गाडी अजून आण्णांच्या नावावर होती आणि आण्णा तर केव्हाच गेलेले. म्हणजे वारस आले. आजवर ज्या बेडकीत कोंबड्या अंडी घालत होत्या, तिच्याबद्दल आण्णांच्या सगळ्या शाखांना एकाएकी माया दाटून आली. कुणाला लहानपण आठवलं, कुणाला आण्णांची शिकार आठवली. आण्णांनी आयुष्यात उंदीरही मारला नव्हता. भीमराजराव दारोदार फिरले, प्रत्येक घरी चहा प्यायले आणि रात्री झोप येईना म्हणून जयमालाबाईंची बोलणी खाल्ली.

शेवटची सही सहादेवच्या आत्याची, झुंबरबाईंची. त्या सोनईला दिलेल्या. म्हातारीनं सही करायला पेन हातात घेतलं आणि तशीच थांबली.

"भाऊ, ती चालती कशी रं?"

"पेट्रोलवर, आत्याबाई."

"आस्सं? मी लहान हुते तव्हा आमी आत बसायचो. मागल्या काचंतनं बाया-मानसं ढकलताना दिसायची. मला वाटायचं मोटार अशीच चालती. इंजान म्हनून काय आसतं, ते मला लगीन झाल्यावर कळलं." मग तिनं सही केली आणि भीमराजरावांच्या हातावर साखर ठेवली.

मग आर.टी.ओ.ची तपासणी. गाडी साहेबांपुढं उभी करायची होती आणि ती चालत नव्हती. ज्ञानेश्वररावांचं म्हणणं, फाटकापर्यंत टेम्पोनं न्यावी आणि आत चार माणसांनी लोटावी. सगळे तेच करतात. भीमराजरावांनी ऐकलं नाही. त्यांनी क्रेन लावली. बेडकी पोटाला पट्टे बांधून हवेतून आवारात उतरली, तेव्हा कामाला आलेले लोक कामं सोडून बघायला आले. तपासणीचे साहेब तरुण होते. त्यांनी कागद बघितले, आत बसले, आणि एक बटण फिरवलं. दाराच्या मागच्या खांबातून एक वीतभर पिवळा हात टपकन बाहेर आला.

"हे काय?"

"वळायची खूण," भीमराजराव अभिमानानं म्हणाले. "तेव्हा लुकलुकणारे दिवे नव्हते. गाडी हात दाखवायची."

साहेबांनी हात आत घेतला. पुन्हा बाहेर काढला. पुन्हा आत. मग त्यांनी खिडकीतून हाक मारून वरच्या मंडळींना खाली बोलावलं. तपासणी अशी झालीच नाही. सगळ्यांनी पाळीपाळीनं हात काढून पाहिला, फोटो काढले, आणि काम झालं. तोवर हात दमून बाहेरच राहिला तो राहिलाच. तो पुढं कधी मनात आलं तर आत जाई, नाहीतर नाही.

दुरुस्तीचं काम तपासणीच्या आधीपासूनच कल्याण मिस्त्रीकडं होतं. कल्याणचं गॅरेज बसस्टँडच्या मागं. तो मन लावून काम करी, पण ही जात त्यानं कधी पाहिलेली नव्हती, आणि भीमराजरावांनी धरणाचे दरवाजे पाहिलेले होते. त्यामुळं दोघांचं ज्ञान मिळून जेमतेम एका माणसाचं होत होतं. पहिल्याच दिवशी भीमराजराव म्हणाले, "बॅटरी मी जोडतो. एवढं विजेचं काम मला कळतं." त्यांनी जगातल्या सगळ्या गाड्यांना जोडतात तशी ती जोडली. बॉनेटखालून धूर आला. कल्याण बादली घेऊन धावला, भीमराजराव वाळू घेऊन धावले, आणि दोघांची मधेच टक्कर झाली.

शेवटी मोबाईलवर एका विलायती म्हाताऱ्याचा व्हिडिओ सापडला. तो याच गाडीवर तासतासभर बोलत असे. त्याचं इंग्रजी दोघांनाही कळेना. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला, दिपालीला फोन लागला.

"बाबा, तो म्हणतोय, या गाडीत उलटं असतं. जाड, म्हणजे प्लसचा दांडा पत्र्याला जोडायचा. आणि तो म्हणतोय, हे न वाचता जो जोडतो तो..."

"पुढं काय म्हणतो?"

"पुढचं तुम्हाला सांगण्यासारखं नाहीये."

या सगळ्यात प्रतिज्ञा चालूच होती. गॅरेजमध्ये गाडी जरा सरकवायची म्हटलं, तरी भीमराजराव आडवे पडत. कल्याणनं त्यापायी एक साखळी-कप्पी टांगली. एखादं पोतं उचलावं तशी बेडकी उचलायची आणि दोन हात पलीकडे ठेवायची. "सायेब," कल्याण घाम पुसत म्हणायचा, "देवाची पालखीबी एवढी जपत न्हाईत वो." भीमराजराव नुसते हसायचे. कारण सांगायला त्यांना अवघड वाटे. आईचं नाव निघालं की त्यांचा आवाज बसायचा, आणि गॅरेजमध्ये साहेबाचा आवाज बसलेला बरा दिसत नाही.

आणि मग एका संध्याकाळी बेडकी चालू झाली. किल्ली फिरवली, मागं कुठंतरी पेट्रोलचा पंप टिकटिक टिकटिक बोलला, पुढं हँडल घालून कल्याणनं एक झटका दिला, आणि सबंध गाडी अंगात कापरं भरल्यासारखी थरथरली. मग तिनं एक खोल, समाधानी आवाज धरला. भीमराजराव स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसून राहिले. कल्याणला वाटलं, साहेबांना चक्कर आली.

त्यानंतरचे दिवस भीमराजरावांच्या आयुष्यातले सगळ्यात ऐटीचे. बेडकीला गर्द हिरवा रंग दिला, चाकांच्या वाट्या चकचकीत केल्या, सीटला नवं कातडं घातलं. संध्याकाळी ते गाडी बाहेर न काढता नुसते आत जाऊन बसत. तो पंप टिकटिकायला लागला की त्यांचा चेहरा खुले. पातळ, मोठं स्टिअरिंग. बोटभर दांड्याचा गिअर. जुनं तेल, ऊन आणि नवं कातडं यांचा मिळून येणारा वास. "हल्लीच्या गाड्यांना वासच नसतो," ते ज्ञानेश्वररावांना सांगत. "यांना काही सांगायचंच नसतं." ज्ञानेश्वरराव लिंबाचं विसरून गेले होते, रोज संध्याकाळी कुणी बोलावलं नाही तरी शेजारच्या सीटवर येऊन बसत आणि पिवळा हात काढून बघत. कॉलनीतले पाहुणे आधी बेडकी बघत आणि मग ज्यांच्याकडं आले त्यांच्याकडं जात. हँडलचं तर भीमराजरावांना इतकं कौतुक, की त्यांनी ते पॉलिश करून दिवाणखान्यात भिंतीवर, आपल्या निरोप समारंभाच्या मानपत्राशेजारी टांगलं. आता नवी बॅटरी होती. हँडल लागतंय कशाला?

सुमनबाईंनी मात्र गाडी पहिल्यांदा पाहिली ती मागूनच. सगळे पुढं उभे होते. त्या काठी टेकत मागं गेल्या आणि फुगीर पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला. बराच वेळ चाचपलं.

"भिमा, हितं एक खळी हुती रं. दगड लागल्याली. माजा हात बरुबर बसायचा तिच्यात."

"पत्रा सरळ करून घेतला, आई."

"बुजीवली व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं केलंस." आणि आत निघून गेल्या.

पण अजून खरा दिवस यायचा होता. बाजाराच्या आदल्या दिवशी सहादेव मुद्दाम भेटायला आले. बेडकीला बघून त्यांना भरून आलं. आज्याची आठवण झाली. तेवढ्यात त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. आजवर बेडकी दिपालीनं पुण्याहून धाडलेल्या भारी पेट्रोलवर चालत होती, आणि ते तळाला गेलं होतं.

"आन् उद्या ह्याच्यावर काष्टी गाठनार व्हय? चल, टाकी फुल्ल करू," सहादेव म्हणाले. "आता पेट्रोलात इथेनॉल आसतंय. म्हंजी आपल्या उसाचंच की! माज्या शेतातला ऊस, माज्या आज्याची गाडी. घरचंच अन्न समज."

भीमराजरावांनी टाकी भरली. विलायती म्हाताऱ्यानं नळ्यांबद्दल काहीतरी सांगितलं होतं खरं, पण ते दिपाली कामात असताना सांगितलं होतं.

बाजाराच्या दिवशी सुमनबाई पांढरं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. जयमालाबाई डबा घेऊन मागं, आणि नको नको म्हणत असताना ज्ञानेश्वररावही त्यांच्याशेजारी. मागून कल्याण मोटारसायकलवर. बेडकी निघाली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या बाजूला झाल्या, बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून हसला, कुणी तरी सलाम ठोकला. सुमनबाई समोर बघत बसल्या होत्या. भीमराजराव दर थोड्या वेळानं त्यांच्याकडं बघत.

"कसं वाटतंय, आई?"

"समोर बघ," त्या म्हणाल्या.

काष्टीच्या बाजारात ही गर्दी. बैल, म्हशी, कांद्याच्या गोण्या, भेळीच्या गाड्या. बेडकी दिसली आणि बाजार वळला. जुनी माणसं, "आरं, आण्णांची बेडकी!" म्हणत पुढं आली. भीमराजरावांनी मान ताठ केली, वळायचा हात बाहेर काढला, आणि ऐन बाजाराच्या मध्यात, एका खिल्लारी बैलाच्या नाकासमोर, बेडकी दोन उचक्या देऊन गप्प झाली.

भीमराजरावांनी किल्ली फिरवली. पंप वेड्यासारखा टिकटिकला. पुन्हा फिरवली. पुन्हा. खाली पेट्रोलचं थारोळं दिसायला लागलं. कल्याण गाडीखाली गेला आणि हातात एक मऊ, सुजलेलं रबर घेऊन बाहेर आला.

"सायेब, नळी विरघळली. इथेनॉलनं खाल्ली."

गर्दीत पुढंच उभ्या असलेल्या सहादेवनी घाईघाईनं दुसरीकडं बघितलं.

कल्याणकडं नव्या जातीची नळी होती. त्यानं ती बसवली. तोवर बाजार बेडकीभोवती गोळा झाला होता आणि सल्ले सुरू झाले होते. कुणी म्हणालं, गरम झालीय, पाणी मारा. कुणी म्हणालं, हिला सवय न्हाई गर्दीची, बावरली. एका बाईनं बाहेर राहिलेल्या पिवळ्या हाताला आपली भाजीची पिशवी अडकवली आणि ती निवांत बघत उभी राहिली. भीमराजरावांनी किल्ली फिरवली. खर्रर्र... खर्र... आणि काहीच नाही. इतक्या वेळा फिरवून बॅटरी बसली होती.

"हँडल द्या, सायेब," कल्याण म्हणाला.

भीमराजरावांनी डिकीकडं पाहिलं. मग आठवलं. हँडल श्रीगोंद्याला भिंतीवर, मानपत्राशेजारी चमकत होतं. मागं जयमालाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"आरं, हाय काय त्यात!" गर्दीतून आवाज आला. "मारा धक्का! चला रं!"

"हात लावायचा नाही!" भीमराजराव खाली उतरून गाडीमागं हात पसरून उभे राहिले. चेहरा लाल, शर्ट घामानं ओला. "ट्रॅक्टर आणा! क्रेन आणा! पण ही गाडी माणसं ढकलणार नाहीत! मी... मी ठरवलंय!" एवढ्या लोकांत, ज्या बाजारात आईला मिरवायचं होतं तिथंच ती बंद गाडीत बसली होती. आता माणसं ढकलणार आणि सगळं होतं तिथंच येणार. त्यांना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"भिमा." सुमनबाईंनी खिडकीतून हाक मारली. "हिकडं ये."

भीमराजराव आले.

"ढकलू दे की."

"नाही आई. मी शब्द दिलाय, कुणी ढकलणार नाही म्हणून."

"कुनाला दिला?"

"तुला."

"मी तर ऐकला न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "मला इचारलं हुतंस का? इंजानावर जायला मला बस हाय, तुजी पांढरी मोटार हाय. ह्या बेडकीत बसून मला कळंना, ह्यात एवढं काय आसायचं म्हून. नुसती थरथरती. आण्णा तव्हा एवढे खुशीत का दिसायचे?" त्यांनी दार उघडायला घेतलं. "तुला कुनाचा हात नगं आसंल तर मी उतरते आन् ढकलते. मला येती."

सहादेवनी टोपी काढली, चांगुणाबाईंच्या हातात दिली आणि पुढं आले. "भिमराज, सर बाजूला. आमच्या उसानं बंद पाडली, आमीच ढकलनार. मावशे, तू बस."

ते मागं जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागून आण्णांचे नातू-पणतू, भेळवाला, बैलांचे दलाल, आणि इस्त्रीचा शर्ट सांभाळत ज्ञानेश्वररावसुद्धा. भीमराजराव खाली मान घालून स्टिअरिंगशी जाऊन बसले.

सुमनबाईंनी काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता. भरदार, वरच्या पट्टीतला.

"हातानं न्हाई रं, खांदा लाव! सहादेवा, डाव्या अंगाला हो, तिकडं जड जाती. पयला हिसका द्या, मंग थांबू नगा. थांबलात तर परत रुतती. हां, आता!"

बेडकी हलली. बाजारानं वाट दिली. पिवळ्या हाताला अडकवलेली पिशवी झोके घेत निघाली, तिच्यामागं ती बाई ओरडत निघाली. थोडं अंतर जाताच कल्याण बाजूनं धावत म्हणाला, "सायेब, गिअर टाका!" भीमराजरावांनी टाकला. बेडकीला एक गचका बसला, धूर निघाला, आणि इंजिन खणखणीत चालू झालं. बाजारानं टाळ्या पिटल्या. ढकलणारे कमरेवर हात ठेवून हुश्श करत उभे राहिले. भीमराजरावांची मान पुन्हा ताठ झाली.

"चालू झाली, आई!"

"बंद कर," सुमनबाई म्हणाल्या.

"काय?"

"बंद कर ते इंजान. काय ऐकू येत न्हाई." त्या सीटवर अर्ध्या वळून मागच्या छोट्या काचेतून बघत होत्या. काचेत सहादेवचं घामेजलेलं, टोपी नसलेलं डोकं होतं, त्यामागं सगळे आण्णांचे, आणि त्यामागं सबंध काष्टी. म्हातारीच्या तोंडावर असं हसू होतं, की तसं भीमराजरावांनी त्यांच्या साऱ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. "आता कळलं, आण्णा खुशीत का आसायचे. बंद कर म्हनते ना. वेशीपतूर आसंच जाऊ."

प्रतिज्ञा, वारस, क्रेन, साखळी-कप्पी, सगळं भीमराजरावांच्या डोळ्यांपुढून एकदा गेलं. मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि मागं पुन्हा खांदे लागले. बाजारात एकाएकी फक्त पावलांचा आणि दमलेल्या माणसांच्या श्वासांचा आवाज उरला. बेडकी निघाली. असली चाल तिला इंजिनावर कधीच जमली नव्हती.

"मावशे," मागून सहादेवचा धापा टाकणारा आवाज आला, "आजून किती लांब गं?"

सुमनबाईंनी पदर सारखा केला, पाठ सीटला टेकवली आणि समोर बघितलं. वेस केव्हाच मागं पडली होती.

"आली की सांगते," त्या म्हणाल्या.